ताई, सुई तुम्ही ओवून दिलीत

प्रिय ताई,

हे पत्र दोनदा लिहून फाडलं. लिहायला बसलं की रडूच येतं. आजही आलंय, पण आज पुरं करणार आहे.

पहिल्या दिवशी मी तुमच्या भरतकामाच्या गटात येऊन कोपऱ्यात बसले. हात थरथरत होते, दोरा सुईत जाईना. तुम्ही पाहिलंत, पण काय झालं म्हणून विचारलं नाहीत. माझ्या हातातली सुई घेतलीत, दोऱ्याचं टोक ओठांनी ओलं केलंत, ओवलंत, गाठ मारलीत, आणि सुई कापडात टोचून कापड माझ्यापुढे सरकवलंत. मग आपल्या टाक्यांकडे वळलात. तासाभरात आणखी चार वेळा तसंच, एकदाही माझ्या तोंडाकडे न बघता.

त्याआधी वर्षभर सगळे मला नुसतं विचारतच होते. ऑफिसच्या समितीने एकच प्रसंग तीनदा सांगायला लावला. फॉर्मवर 'घडलेला प्रकार थोडक्यात' असं छापलेलं, खाली चार ओळी. तेव्हाच का नाही बोललात? अंगात काय घातलं होतं? घरच्यांनी 'झालं गेलं विसर' म्हणून विषयच मिटवला. माझे हात थरथरताहेत हे त्यांच्यातल्या एकालाही दिसलं नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

म्हणूनच तुम्ही आर्तेमिसिया जेंतिलेस्कीची गोष्ट सांगितलीत तेव्हा मला घाम फुटला. १६१२ साली रोममध्ये, बलात्काराच्या खटल्यात, ती खरं बोलते का हे बघायला तिच्याच बोटांभोवती दोऱ्या आवळल्या. चित्रकार बाईची बोटं! ती जबानीवरून हलली नाही. आणि त्याच बोटांनी तिने बायबलच्या कथेतली ज्युडिथ रंगवली, शत्रूचा सेनापती होलोफर्नेस याचा गळा चिरणारी. बाह्या वर सारलेल्या, दंडात जोर. तुम्ही चित्रातल्या दासीवर बोट ठेवलंत. ती नुसती बघत उभी नाही, त्याला दाबून धरते आहे. मी त्या दासीकडेच कितीतरी वेळ बघत राहिले.

नंतर चिलीतल्या बायकांविषयी सांगितलंत. १९७३ च्या लष्करी उठावानंतर ज्यांची मुलं, नवरे गायब झाले, त्या गोणपाटावर चिंध्या शिवून घडलेलं मांडत होत्या. काहींनी तर हरवलेल्या माणसाच्याच कपड्यांचे तुकडे लावले. त्या रात्री मी कपाटाच्या तळाशी कोंबलेला ड्रेस बाहेर काढला. तोच, ज्याबद्दल मला विचारलं होतं. कात्री लावताना हात थरथरला नाही.

त्या कापडावर मी काळ्या दोऱ्याने फॉर्मच्या चार ओळी घातल्या, साध्या धावदोऱ्याने. त्यांच्याखाली पाचवी, सहावी, सातवी. तुम्ही बघितलंत आणि म्हणालात, "कापड कमी पडेल, जोड देऊ." त्याच क्षणी तुमच्या पेटीतला एक तुकडा काढून दिलात.

ताई, दुःख पिळून न काढता माणसाच्या शेजारी बसता येणं किती मोठी गोष्ट आहे, हे मला तुमच्यामुळे कळलं. तुमचे उपकार कसे मानू, खरंच कळत नाही.

रात्री झोप अजून मोडते. मग दिवा लावते, आणि ओळ जिथे राहिली असेल तिथून पुढे शिवते.

तुमची,
कोपऱ्यातली