रोज सोळाशे मीटर कशासाठी?

महोदय,

पोलीस भरतीची कुणकुण लागली की आमच्या तालुक्याच्या मैदानावर पहाटे पोरं १६०० मीटर जिवाच्या आकांतानं पळू लागतात. रोज तेच, तेवढंच. सुरुवातीला वेळ सुधारते, मग अडते आणि नडगी धरते. बर्फ चोळत कडेला बसलेली दोन-चार पोरं हमखास दिसतात.

शरीर एकाच ताणाला सरावतं, म्हणून ताण बदलत न्यावा लागतो. सोव्हिएत संशोधक लेव मातवेयेव यांनी १९६०च्या दशकात ही टप्प्यांची पद्धत नीट मांडली. आपल्याकडे मात्र भरतीच्या अकादम्या वर्षभर त्या १६०० मीटरची चाचणीच घेत बसतात, फी त्याचीच!

आधी दोनेक महिने गप्पा मारता येतील अशा वेगानं लांब पळावं, जोडीला जोर-बैठका. मग सहा आठवडे ताकदीसाठी वजन घेऊन बैठका, डेडलिफ्ट (जमिनीवरचं वजन उचलून उभं राहणं), चढावरच्या छोट्या धावा. त्यानंतर मधे विश्रांती घेत ४०० मीटरच्या जोरकस धावा. दर चौथा आठवडा हलका. चाचणीआधीचे दहा दिवस अंतर निम्म्यावर आणावं, वेग तोच ठेवावा.

गोळाफेकीची तर परवडच. मैदानी चाचणीच्या ५० पैकी १५ गुण तिचे, पण ७.२६० किलोच्या त्या गोळ्याला पोरं शेवटच्या आठवड्यात हात लावतात. ताकदीचा टप्पा खरं तर त्यासाठीच.

मैदानी चाचणीची तारीख ऐनवेळी कळली की हे सगळं नियोजन कोलमडतं. गृह विभागानं ती किमान चार महिने आधी जाहीर करावी.

– एक निवृत्त क्रीडाशिक्षक, करमाळा (जि. सोलापूर)