भराव खचला की दोष पावसाचाच?

संपादक महोदय,

भू-जाळी (जिओग्रिड, म्हणजे माती धरून ठेवण्यासाठी थराथरांत अंथरलेली मजबूत जाळी) घालून बांधलेला मातीचा उतार ढासळला की ‘अतिवृष्टीमुळे भराव खचला’ एवढ्यावर बातमी आटोपते. पाऊस किती पडला हे छापून येते. त्यातला मातीत किती मुरला आणि मुरलेला बाहेर कोठून पडणार होता, हे कोणी विचारत नाही.

ताशी ३६ मिमी पाऊस म्हणजे सेकंदाला ०.०१ मिमी. स्वच्छ वाळू तो सहज पिते. पावसाच्या या वेगाच्या शंभरपट कमी पाझर असलेली, आधीच भिजलेली गाळमिश्रित माती मात्र तासाला जेमतेम ०.३६ मिमी आत घेते, बाकीचे पाणी वाहून जाते. म्हणून अशा भरावाला दोन तासांच्या मुसळधार सरीपेक्षा आठवडाभराची झड जास्त बाधते. माथ्यावर भेगा असतील तर हा हिशेबही उरत नाही, पाणी थेट पोटात जाते.

आत काय होते? अर्धवट ओल्या मातीत कणांमधले पाणी कणांना ओढून धरते. पाऊस आधी ही ओढ संपवतो. मग पाणी साचू लागते आणि खरा घात तिथे होतो. समजा, जाळीचा एक थर माथ्यापासून ३ मीटर खाली आहे आणि मातीचा घर्षणकोन (कण एकमेकांवर घसरायला किती विरोध करतात याचे माप) ३० अंश आहे. एरवी घनमीटरला १९ किलोन्यूटन वजनाच्या मातीचा त्या थरावर ५७ किलोपास्कल दाब असतो. जाळीची पकड याच दाबावर टिकते. भराव माथ्यापर्यंत पाण्याने भरला तर मातीचे वजन घनमीटरला २०.५ किलोन्यूटन आणि थरावरचा दाब ६१.५ किलोपास्कल होतो खरा, पण त्यातले २९.४ किलोपास्कल पाणीच तोलून धरते आणि पकडीसाठी उरतात अवघे ३२. उलट, उभ्या दर्शनी भागावरचा आडवा रेटा त्या खोलीवर १९ किलोपास्कलवरून ४० वर जातो. जाळीवरचा भार दुप्पट, पकड जवळपास निम्मी! हे टोकाचे गणित आहे, तिरक्या उतारावर रेटा कमी असतो. पण निचरा तुंबला की भराव त्याच दिशेने सरकतो.

म्हणून भरावाची माती महत्त्वाची. जाळी घातलेल्या उभ्या भिंतींसाठी ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून जाणारा भाग १५ टक्क्यांच्या आत ठेवण्याचा दंडक आहे. उतारांना यात बरीच सवलत मिळते आणि तिचाच गैरफायदा घेतला जातो: कागदावर मुरूम, प्रत्यक्षात खोदाईतून निघालेली चिकणमाती. दर्शनी भागालगतच्या दीड मीटरमध्ये जड रोलर चालवत नाहीत, ते योग्यच. पण तिथे हलक्या यंत्राने पातळ थरांत दबाई करावी लागते. ती राहून गेली की तो पट्टा सैल राहतो आणि पाणी तिथूनच शिरते. फार कोरडी असताना दाबलेली माती तर पहिल्या भिजण्यातच बसते.

जाळीबद्ध भागाच्या मागे खडीचा उभा निचरा-थर, तळाशी आडवा थर, त्यात छिद्रांची नळी आणि पायथ्याला मोकळे तोंड, एवढी साधी ही व्यवस्था. काम संपल्यावर ती दिसत नाही, त्यामुळे खर्च वाचवताना कात्री आधी तिच्यावर चालते. खडीभोवतीचे गाळणीचे कापड मातीच्या कणांना साजेसे नसेल तर ते गाळाने चोंदते. माथ्यावरचे गटार अस्तराविना ठेवण्यापेक्षा मुळीच नसलेले बरे, कारण ते पाणी भरावात नेऊन सोडते.

पाहणीसाठी महागडी उपकरणे दरवेळी लागत नाहीत. लांबलेल्या पावसात निचऱ्याच्या छिद्रांतून स्वच्छ पाणी येत असेल तर ठीक. गढूळ पाणी म्हणजे भरावातली माती वाहून जात आहे. छिद्रे कोरडीच राहिली तर काळजी जास्त. पाणी मुरले नसेल किंवा आत अडकले असेल, आणि कोणते ते पाण्याचा दाब मोजणारी नळी बसवून लगेच ठरवावे. माथ्याला समांतर ताजी भेग दिसल्यास ती बुजवून वर ताडपत्री टाकावी आणि माथ्यावरची वाहने व मातीचे ढीग त्याच दिवशी हटवावेत.

आपल्या वार्ताहरांनी पुढच्या वेळी दुर्घटनेच्या दिवसाच्या पावसाबरोबर आधीच्या पंधरवड्याचाही पाऊस, भरावाच्या मातीचा चाळणी-अहवाल आणि निचऱ्याचा प्रत्यक्ष बांधकामानंतरचा नकाशा मागावा.

– एक भू-तांत्रिक अभियंता