दुधाला मर्यादा, ढेपेला मोकळे रान : पशुसंवर्धन व दुग्धविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
पशुसंवर्धन व दुग्धविकास विभाग, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : सरकी ढेपेतील बुरशीजन्य विषाची तपासणी आणि त्याची जबाबदारी निश्चित करण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार. मी वर्धा जिल्ह्यातील एका खेड्यात पाच जनावरांवर दुधाचा जोडधंदा करणारा कोरडवाहू शेतकरी आहे. आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून मुद्द्यावरच येतो. मागच्या आठवड्यात संकलन केंद्राने माझे दूध परत केले. फॅट बरोबर होती, पाणी नव्हते, युरिया नव्हता. केंद्रावरच्या पोराने दुधात कागदी पट्टी बुडवली, काही मिनिटे थांबला आणि म्हणाला, “काका, अफ्लाटॉक्सिन दाखवून राहिलं. मी घेतलं तर वरून अख्खी गाडी वापस येईल.” माझ्यामागे रांगेत उभ्या असलेल्या आणखी तिघांचे दूधही त्याच पट्टीने नाकारले. आम्ही चौघेही एकाच दुकानातून सरकीची ढेप, म्हणजे सरकीचे तेल काढल्यावर उरणारी पेंड, उचलतो. दोष कुठे आहे हे शोधण्यासाठी चौकशी समितीची गरज नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या भागात पशुपालकांचा मेळावा झाला होता. तेव्हा व्यासपीठावरून शब्द देण्यात आला होता की पावसाळ्यापूर्वी तालुक्याच्या दवाखान्यात ढेप आणि चारा तपासण्याचे किट येईल आणि शेतकऱ्याला नमुना घेऊन शहर गाठावे लागणार नाही. शब्द कोणी दिला त्यांचे नाव मी येथे घेत नाही, कारण नावे बदलतात आणि भाषण तेच राहते. पावसाळा आला, गेला, परतीचा पाऊसही वेचणीच्या कापसावर पडून गेला, आणि किटचा पत्ता नाही. मेळाव्यात मिळालेली टोपी मात्र अजून शाबूत आहे.

हे विष काय आहे ते आपल्या सचिवांनी सांगितले असेलच, तरी ज्याच्या गोठ्यात ते शिरले त्याच्या तोंडूनही ऐकावे. ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाची हिरवट-पिवळी बुरशी ओलसर सरकी, मका, भुईमूग यांवर वाढते आणि अफ्लाटॉक्सिन तयार करते. बुरशी झटकली, ढेप उन्हात घातली, तरी विष पूर्ण जात नाही. जनावराने ते खाल्ले की यकृतात त्याचे रूप बदलते आणि चोवीस तासांच्या आत ते एम-१ या नावाने दुधात उतरते. दूध उकळल्याने ते नष्ट होत नाही आणि पाश्चरायझेशननेही होत नाही. अफ्लाटॉक्सिन माणसाला यकृताचा कर्करोग करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने केव्हाच मान्य केले आहे आणि त्याला पहिल्या गटात बसवले आहे. ज्याला कावीळ-बी आहे त्याच्या बाबतीत तर हा धोका कितीतरी पटीने वाढतो.

आता हिशेब पाहा. तो ढोबळ आहे, तज्ज्ञांनी दुरुस्त करावा. माझी गाय रोज दोन किलो ढेप खाते. त्या ढेपेत किलोमागे १०० मायक्रोग्रॅम विष असेल, तर रोज २०० मायक्रोग्रॅम तिच्या पोटात जाते. त्यातले एक ते दोन टक्के दुधात उतरते. भरपूर दूध देणाऱ्या गाईत ते सहा टक्क्यांपर्यंतही जाते. दोन टक्के धरले तर ४ मायक्रोग्रॅम, आणि गाय आठ लिटर देत असेल तर लिटरमागे अर्धा मायक्रोग्रॅम. आपल्या देशातील दुधाची कायदेशीर मर्यादा नेमकी तेवढीच आहे. म्हणजे ढेपेत याहून थोडे जास्त विष असले की दूध नापास, आणि नापास कोण? मी. भारतीय मानक ब्युरोने पशुखाद्यासाठी अफ्लाटॉक्सिन बी-१ ची, म्हणजे खाद्यातल्या मूळ विषाची, मर्यादा किलोमागे २० मायक्रोग्रॅम ठरवली आहे. ती पाळली गेली असती, तर माझ्या दुधाने कायद्याची परीक्षा आरामात पार केली असती. दुधासाठी युरोपची मर्यादा आपल्या दहाव्या हिश्श्याची आहे, अमेरिकेची आपल्याइतकीच आहे. म्हणून आकड्याशी माझे भांडण नाही. तो आकडा फक्त माझ्या दुधाच्या कॅनलाच लावला जातो, याच्याशी आहे.

कारण कायदाच तसा आहे. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यात अन्नाची जी व्याख्या दिली आहे, तिच्यातून पशुखाद्य वगळले आहे. मी कायद्याचा विद्यार्थी नाही, पण एवढे वाचता येते. गाईच्या तोंडात जाते तोवर ते विष कोणाचेच नसते, आणि तिच्या सडातून बाहेर पडले की ते माझे होते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२० साली दुभत्या जनावरांना मानक ब्युरोच्या मानकांत बसणारेच खाद्य द्यावे असा आदेश काढला होता, त्याचीही अंमलबजावणी पुढे ढकलण्यात आली. माझे दूध पुढे ढकलता येत नाही, ते काही तासांत नासते.

याच प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले आणि २०१९ मध्ये निकाल जाहीर केला. त्यात ३६८ नमुन्यांत, म्हणजे शंभरात जवळपास सहांमध्ये, एम-१ मर्यादेपेक्षा जास्त निघाले. विशेष म्हणजे कच्च्या दुधापेक्षा प्रक्रिया केलेल्या दुधात ते अधिक आढळले. मुंबई-पुण्याच्या ग्राहकांनी हे वाक्य पुन्हा वाचावे; ज्या पिशवीवर शुद्धतेची हमी छापलेली असते, तिच्याबद्दल हे वाक्य आहे.

दूध परत आल्यावर मी काय केले, हेही ऐका. तेच दूध आमच्या घरी प्यायले जाते. माझी नात अडीच वर्षांची आहे, तिचे जेवण म्हणजे निम्मे दूधच. त्या दिवशी तिच्या आईने वाटी पुढे करताना माझ्याकडे पाहिले आणि मला काय बोलावे ते सुचले नाही. दूध उकिरड्यावर ओतले. ढेप बंद केली. तीन-चार दिवसांत दुधातले विष उतरते असे वाचले होते, ते खरे ठरले आणि केंद्राने दूध पुन्हा घेतले; पण गाईने तोपर्यंत अर्धेच दूध देऊन पान्हा आटोपता घेतला होता. आठ महिन्यांची गाभण असलेली एक गाय त्याच सुमारास गाभडली. ढेपेमुळेच असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, कारण म्हणण्यासाठी यकृताचा तुकडा किंवा ढेपेचा नमुना तपासावा लागतो, आणि तपासायला कोणी तयार नाही. एका कार्यालयात सांगितले, ढेप हा व्यापाराचा माल आहे, आमचा नाही. दुसऱ्या कार्यालयात सांगितले, पशुखाद्य हे अन्न नाही, आमच्या कक्षेत येत नाही. तिसऱ्या ठिकाणी सांगितले, कापूस शेतातून निघाला की आमचे काम संपले. खासगी प्रयोगशाळेला विचारले, तर एका नमुन्याचे शुल्क ढेपेच्या एका पोत्यापेक्षा जास्त. दुकानदाराने बिनबोभाट ‘टॉक्सिन बाइंडर’ची, म्हणजे खाद्यातले विष धरून ठेवणाऱ्या भुकटीची, पुडी काढून दिली, पैसे घेऊन. बेंटोनाइटसारख्या मातीचा अफ्लाटॉक्सिनवर बऱ्यापैकी उपयोग होतो हे मान्य. पण ज्याने विष विकले त्यानेच उताराही विकावा, आणि दोन्हीचे बिल माझ्या नावे फाटावे, ही व्यवस्था ज्यांनी घडवली त्यांना एखादा पुरस्कार द्यायला हरकत नाही. बँकेच्या कर्जावर घेतलेल्या गाईचा हप्ता मात्र पट्टीचा रंग पाहून थांबत नाही, आणि त्या आठवड्याच्या चुकाऱ्यात केंद्राने शून्य लिहिले.

हे विष नवे आहे असे कोणी म्हणू नये. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले आणि कारण निघाले ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड. तेव्हापासून जगाला अफ्लाटॉक्सिन माहीत आहे. आपल्याच देशात १९७४ च्या शेवटी राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल या आदिवासी भागांत अवकाळी पावसात भिजलेला मका खाऊन ३९७ माणसे आजारी पडली आणि त्यांतील १०६ दगावली. मेले ते गरीब होते, ज्यांच्याकडे फेकून द्यायला दुसरा दाणा नव्हता. या घटनेला पन्नास वर्षे उलटून गेली. आमच्याकडे पावसात काळी पडलेली ज्वारी अजूनही जनावरांपुढे टाकली जाते, आणि वाईट वर्षी माणसांच्या ताटातही येते. सोयाबीनचे आणि तुरीचे भिजलेले कुटार खाल्ल्याशिवाय आमच्या ढोरांचा उन्हाळा निघत नाही.

विदर्भाला तर हा प्रश्न सर्वांत जास्त लागू आहे, आणि तो विदर्भातच सोडवता येण्यासारखा आहे. सरकी आमची, जिनिंग आमचे, ढेपेच्या मिली आमच्या. ढेपेचे वायदे बाजारातले सौदे तर अकोल्याच्या भावावर चालतात. संगणकावर तिचा भाव सेकंदासेकंदाला हलतो, पण तिच्यात विष किती आहे हे सांगणारी चिठ्ठी पोत्यावर नसते. गुलाबी बोंडअळीने बोंडाला भोके पाडली की त्यातून ही बुरशी सरकीपर्यंत पोहोचते. २०१७ च्या हंगामात अळीने आमचा कापूस खाल्ला, त्याच हंगामात यवतमाळमध्ये फवारणी करताना शेतकरी-मजूर मेले, आणि तरी सरकी मिलवर गेलीच. ती ओल्या फरशीवर ढीग करून ठेवली जाते, आणि वजन भरावे म्हणून पाणी मारले जाते असे मिलवर हमाली करणारेच सांगतात. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातही अगदी हीच अडचण होती, तीही सरकीचीच. तेथील शास्त्रज्ञांनी याच बुरशीचा विष न बनवणारा वाण शोधला, गव्हाच्या दाण्यांवर वाढवून कापसाच्या शेतात टाकला, आणि त्याने विषारी बुरशीची जागा घेतली. तेथे विषबाधित सरकीवर अमोनियाची प्रक्रियाही केली गेली. नागपुरात केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, पशुविज्ञान विद्यापीठ आहे, अकोल्यात पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. माणसे आहेत, यंत्रे आहेत. त्यांना हे काम सोपवून पुरेसा पैसा दिला, तर आपल्या मातीतला असा वाण शोधणे अशक्य आहे असे मला वाटत नाही. युरोपात जाणाऱ्या शेंगदाण्याच्या खेपेला अफ्लाटॉक्सिनचे प्रमाणपत्र लागते आणि ते मिळते. म्हणजे तपासणी आपल्याला येते. परदेशी माणसाच्या पोटासाठी येते, माझ्या नातीच्या पोटासाठी येत नाही.

मागणी फार मोठी नाही. तपासणी दुधाच्या पट्टीवर नव्हे, तर मिलच्या दारात सुरू व्हावी. प्रत्येक पोत्यावर मिलचे नाव, ढेप काढल्याची तारीख आणि ओलाव्याचे प्रमाण छापलेले असावे. तालुक्याच्या दवाखान्यात किट द्यावे, पण त्याबरोबर नमुना कसा घ्यायचा हे शिकवलेला माणूसही द्यावा; कारण हे विष ढेपेत सारखे पसरलेले नसते, एका पोत्यात काही नसते आणि शेजारच्या पोत्यात भरपूर असते, त्यामुळे पुष्कळ पोत्यांतून थोडी थोडी ढेप घेऊन मिसळल्याशिवाय तपासणीला अर्थ नाही. नुसते किट टेबलावर ठेवून फोटो काढायचा असेल, तर ते पाठवूच नका. ढेपेमुळे दूध नाकारले गेले असे सिद्ध झाले, तर त्या दिवसांचा चुकारा ढेप विकणाऱ्याने द्यावा. आणि केंद्र सरकारने कायद्यात पशुखाद्य घालेपर्यंत थांबू नका, राज्याला नियम करता येत असतील तर करा.

करता येत नसतील, तर तसे स्पष्ट लिहून द्या, म्हणजे आम्ही वाट पाहणे बंद करू. आमच्याकडे अतिवृष्टीचा पंचनामा होतो, वीज पडून बैल मेला तर पंचनामा होतो, वाघाने गाय मारली तर नुकसानभरपाईचा अर्ज असतो. विष मात्र पोत्यातून विकले गेले, तर त्याच्यासाठी कोणताच अर्ज छापलेला नाही, कारण त्यात कोणी ना कोणी माणूस दोषी निघतो. शेतकऱ्याचे जे नुकसान आभाळाच्या खात्यावर टाकता येते तेवढेच शासनाला दिसते, हे मी आता तीस वर्षे शेती करून शिकलो आहे. निवडणुकीत दुधाला अनुदान जाहीर होते, ते मिळते न मिळते तोच ढेपेचा भाव वाढून ते अनुदान मिलवाल्याच्या गल्ल्यात जाते, आणि मग अधिवेशनात प्रश्न विचारला जातो की विदर्भात दूध का वाढत नाही.

संशयित ढेपेचे उरलेले अर्धे पोते मी जनावरांपासून दूर, कोरड्या जागी बांधून ठेवले आहे आणि दुकानाचे बिलही जपून ठेवले आहे. ज्या खात्याला ते आपले वाटेल, त्या खात्याच्या माणसाने येऊन नमुना घेऊन जावा. आपला अर्ज योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे अग्रेषित करण्यात आला आहे, अशा मजकुराचे छापील पत्र कृपया पाठवू नये. ते माझ्याकडे आहे.

आपला,
एक दूध उत्पादक शेतकरी
जिल्हा वर्धा