बैलांना घाम फुटला

सेलूजवळून, जि. वर्धा
हरतालिका

प्रिय निमे,

आज उपास. निर्जळा आता झेपत नाही, दोनदा चहा झालाय. मेंदी वाळेपर्यंत रिकामी बसले होते, वाळल्यावर पहिलं काम तुझं पत्र. पोळ्याच्या आधी तू फोनवर विचारलं होतंस, "बिस्किटावरचं ते आयसिंग पांढऱ्या साखरेशिवाय होते का वं?" मी मोठ्या ऐटीत "होते ना, काहून नाही होत" म्हणून फोन ठेवला. खरं सांगू? तोवर माझं एकदाही झालेलं नव्हतं. कढईला कोळसा चिकटला होता आणि मी ओट्यापाशी घासत उभी होते.

झालं असं, की नातवाला तान्ह्या पोळ्याला बैलाची बिस्किटं हवी होती. लाकडी बैल घेऊन दारोदार जाणारी पोट्टी बोजारा मागतात, त्यांना दहा रुपयांसोबत एकेक बिस्किट द्यायचं, बैलाच्या आकाराचं, पाठीवर रंगीत झूल, कपाळाला बाशिंग. कल्पना त्याचीच, मोबाइलवर पाहिलेली. आणि सूनबाईंनी घरात पांढरी साखर बंद केलेली. ह्यांचं म्हणणं, "आपल्या गोरसपाक बिस्किटाले कधी आयसिंग लागलं का? वर्ध्याचा माणूस उभ्या जन्मात गोरसपाक तसाच खाते." बोलणं सोपं असतं, करायचं आम्हाला असतं.

तसा हा गुळाचा हट्ट आपल्या जिल्ह्याला नवा नाही. वसतिगृहातून आपल्याला वर्ध्याच्या मगनवाडीत मगन संग्रहालय बघायला नेलं होतं, आठवतं? तू चरख्याशी बसून सूत तोडलं होतंस. गांधीजींनी 1934 साली ग्रामोद्योग संघ काढला तो त्याच मगनवाडीत, आणि घाण्याचं तेल, हातसडीचे तांदूळ, गूळ हाच त्या लोकांचा ध्यास. सूनबाईंना हे सांगितलं तर म्हणाली, "मग तुम्हाला येत असेल ना आई." झाली का पंचाईत!

बिस्किटांचं फार सांगत नाही. कणीक, लोणी, किसलेला गूळ, वेलची. खोक्याच्या पुठ्ठ्याचा बैल कापून त्याच्याभोवती सुरी फिरवली. पहिला घाणा ओव्हनमध्ये असतानाच लाइट गेली, दुसरा कढईत रेती तापवून केला, आणि खरं तर तोच खुसखुशीत झाला. शिंगं बारीक ठेवू नको, हात लागला की मोडतात. माझे निम्मे बैल भुंडे निघाले.

आता आयसिंग. पहिल्या दिवशी गूळ किसून मिक्सरमध्ये फिरवला, चमचाभर दूध घातलं आणि फासला. दिसायला शेतातल्या ओल्या मातीसारखा, पण चव चांगली, म्हणून तसाच डबा भरून ठेवला. सकाळी झाकण काढलं तर बैलांना घाम फुटलेला! थेंब थेंब. दोन बैल झाकणालाच चिकटून वर आले. पावसाळ्यात गुळाची भेली पाझरते तेच हे. गुळात नुसती उसाची साखर नसते, थोडं ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतं, आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं. श्रावणातली हवा, मग काय विचारतेस. मधाचं त्याहून वाईट, तो वाळतच नाही. मध-चक्का घोटून केकवर पसरायला छान लागतो, पण डब्यात एकावर एक ठेवायच्या बिस्किटांना उपयोगाचा नाही.

दुसऱ्यांदा गुळात दूध घालून आटवलं. फाटलं. मला कळायला हवं होतं, गुळाची खीर आपण थंड करून मग दूध घालतो ते उगीच का? तिसऱ्यांदा चिक्कीचा गूळ आणला. तो काचेसारखा झाला, दातालाच चिकटला, आणि फासायच्या आत कढईतच थिजला. कोळसा झाला तो हाच, पुन्हा पातळ करायला गेले म्हणून.

मी कढई घासत होते आणि आत्याबाई ओसरीवर वाती वळत होत्या. चौऱ्यांशी वर्षांच्या आहेत, कान गेलेत पण नाक शाबूत आहे. तिथूनच म्हणाल्या, "काय वं, पाक करून राहिली अन् घोटत नाही? घोटल्याशिवाय गूळ बसते का कुठी?"

निमे, सगळं घोटण्यातच होतं. आपण संक्रांतीला वड्या थापतो तेच. कृती नीट लिहिते, जपून ठेव.

शंभर ग्रॅम साधा गूळ, चिक्कीचा नको. दोन चमचे पाणी घालून मंद आचेवर विरघळव आणि गाळून घे, तळाला रेती निघतेच. पुन्हा उकळायला ठेव. वाटीत गार पाणी घे, त्यात थेंब टाकून बोटांनी गोळा कर. मऊ गोळी झाली आणि दाबल्यावर चपटी झाली की लगेच उतरव. तुझ्याकडे थर्मामीटर आहे ना, तर 112 ते 116 अंशांच्या मध्ये. वाटीत टाकल्यावर खट्ट वाजली तर चिक्कीवर गेलं समज. उतरवल्यावर चमचाभर तूप, बुडबुडे बसू दे, मग दोन चमचे दुधाची भुकटी चाळून. कोरडी भुकटी आणि आच बंद, म्हणून फाटत नाही. आता घोट. आधी काळ्या चहासारखं चमकतं, मग हळूहळू दुधाच्या कॉफीचा रंग येतो आणि पळी जड होते. चमक मेली की तोच क्षण. हातात दोन मिनिटंच असतात. तुपात बुडवलेल्या चमच्याच्या पाठीनं पसर. आळायला लागलं तर भांडं गरम पाण्यात धर, वाटल्यास पाण्याचा थेंब. बिस्किट पूर्ण गार असायला हवं, नाहीतर ओघळतं. दहा मिनिटांत बसतं आणि दुसऱ्या दिवशी बोटाला लागत नाही. डबा मात्र घट्ट झाकणाचाच.

गुळाचंही सांगते. एका दुकानातून पिवळाधम्मक गूळ आणला होता, दिसायला सोनं. पाक खारट लागला. रंग उजळायला हायड्रोस नावाचं रसायन घालतात, त्यातला असावा. दुकानदार म्हणे, "ताई, लोकांना असाच लागते." काळपट घे, बारीक दाणा असलेला. रस साफ करायला काही ठिकाणी भेंडीचा चिकट रस घालतात, तसला मिळाला तर सोडू नको.

पण नातवाचं एवढ्यावर भागेना. त्याला पांढरा बैल हवा. गूळ कितीही घोटला तरी पांढरा होत नाही, दोन दिवस भुकटी ओतून पाहिली तेव्हा पटलं. पांढऱ्यासाठी खांडसरी, म्हणजे ती कमी धुतलेली देशी साखर. वाटीभर खांडसरी आणि चमचाभर आरारूट, कोरड्या खणखणीत मिक्सरमध्ये दोनदा फिरवून मलमलच्या फडक्यातून चाळ. बाजारच्या आयसिंग शुगरमध्येही गुठळ्या होऊ नयेत म्हणून मक्याचा स्टार्च घालतातच. मग दूध, पण अर्धा अर्धा चमचा. माझ्या हातून एकदम पडलं आणि ताक झालं. चमच्यानं सोडलेली धार दहा आकडे मोजेपर्यंत दिसेनाशी झाली की अंग भरायला ठीक, रेघा काढायला त्याहून घट्ट. रात्रभर पंख्याखाली वाळवावं लागलं. रंग सायीसारखा आला, शुभ्र नाही. आपल्या गावरान बैलाला तोच शोभतो.

रंग यातच मिसळायचे, गुळात मिसळले की गढूळ होतात. वायगावची हळद चिमूटभर, पिवळी झूल. (आपल्याच जिल्ह्याची, समुद्रपूर तालुक्यातली, 2016 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा हे आठवडाभर तेच सांगत फिरत होते.) बिटाचा रस आटवून गुलाबी. कुंपणावरच्या गोकर्णाची फुलं गरम दुधात टाकली तर निळं, आणि त्यात लिंबाचा थेंब पडला की जांभळं. पोट्ट्यांना हे इतकं आवडलं की माझं अर्धं लिंबू तिथंच संपलं. शिंगांसाठी मोहफुलं. जाऊबाई कुरखेड्याच्या, त्यांच्याकडे वाळवलेली होती. उकळून, पिळून, आटवलं की काळंभोर काकवीसारखं होतं. वास घरभर. ह्यांनी दारात येऊन विचारलं, "दारू पाडून राहिल्या का?" हा पाक चिकटच राहतो, म्हणून शिंगांच्या टोकालाच लावला.

रेघा मात्र माझ्या हातून सरळ आल्या नाहीत. शेजारची पोरगी मेंदी काढते, तिनं दुधाच्या पिशवीचा कोन केला, टोक कातरलं आणि बसल्या बसल्या एकवीस बैलांना झुली चढवल्या. कोयरी, वेल, जाळी, सगळी मेंदीची नक्षी. तिनंच आज माझ्या हातावर काढलीय आणि मधोमध गुपचूप एक बैल घातलाय. हरतालिकेला! आत्याबाईंना अजून दाखवला नाही.

एक बोलून टाकते, तुझ्याकडेही शुगरचं माणूस आहे म्हणून. आमचे हे तीन बिस्किटं खाऊन गेले, वर "गूळ चालते" म्हणाले. चालत नाही गं. शंभर ग्रॅम गुळात 380च्या आसपास कॅलरी, साखरेत 400च्या आत-बाहेर. रक्तात गेल्यावर दोघांत फार भेद राहत नाही. खांडसरी तर साखरच, फक्त कमी धुतलेली. सूनबाईंना हे पटलेलं आहे, तिचा राग पांढऱ्या साखरेच्या पोत्यावर आहे, चवीवर नाही. मला विचारशील तर मी गुळाचंच करते, कारण खाताना तोंडात गूळ आला पाहिजे. नुसतं गोड काय, बत्तासेही असतात.

तान्ह्या पोळ्याला बारा पोट्टी आली. एकानं बिस्किटाचा बैल आपल्या लाकडी बैलासमोर धरला आणि म्हणाला, "घे, खा." मग बैलाचं तोंड लावून स्वतःच खाल्ला.

पुठ्ठ्याचा साचा जपून ठेवला आहे, थोडा तेलकट झालाय. दिवाळीत येशील तेव्हा खांडसरी किलोभर घेऊन ये, इथं वर्ध्याला जावं लागतं. आणि ते थर्मामीटरही आण, आत्याबाईंच्या वाटीतल्या गोळीशी ताडून पाहू.

तुझी,
शकू