क्लबांचे गोडवे आणि दोन नंबर मोठे बूट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला लंडनच्या 'जंटलमेन्स क्लबां'वरचा, म्हणजे बड्या पुरुषांच्या खासगी क्लबांवरचा, लेख वाचला. कातडी खुर्च्या, सिगार, उत्तम गप्पा! लेखकमहाशय अगदी विरघळले आहेत. १६९३ साली चॉकलेट पिण्याचं दुकान म्हणून निघालेला 'व्हाइट्स' क्लब बाईला सभासद करून घेत नाही, हे मात्र 'परंपरेचं जतन' म्हणून उरकलं. नव्या उमेदवाराच्या नावावर सभासदांनी पेटीत पांढऱ्या-काळ्या गोळ्या टाकायच्या, काळी निघाली की विषय संपला, कारण विचारायचं नाही. यात त्यांना 'मिश्कीलपणा' दिसला. १८३१ च्या 'गॅरिक' क्लबाला बायका सभासद चालतील हे ठरवायला २०२४ उजाडलं. केवढा हा मिश्कीलपणा!

आपल्याकडचं लेखात काहीच नाही, म्हणून मी सांगते. आमचे हे निवृत्त मुख्याध्यापक. भाच्याने मुंबईतल्या एका जुन्या क्लबात जेवायला बोलावलं. (क्लबाचं नाव लिहीत नाही, भाचा अजून सभासद आहे.) ह्यांच्या पायात नवी करकरीत कोल्हापुरी. दारावरच्या माणसाने अडवलं. तो साताऱ्याकडचा, त्यालाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. "गुरुजी, आमच्या हातात काय नाही." मग कपाटातून काळे बूट काढून दिले, अशाच पाहुण्यांसाठी ठेवलेले. दोन नंबर मोठे. पुढे रद्दीचे बोळे कोंबून ह्यांनी ते घातले आणि जेवण होईतो पाय खुर्चीखाली ओढून बसले. भाचा आपला सांगतोय, इंग्रजांच्या काळात इथे आपल्या लोकांना सभासदच करत नसत मामा, बघा आता!

मुंबईचा विलिंग्डन क्लब तर भारतीयांनाही सभासद होता यावं म्हणूनच निघाला. तिथेच १९८८ मध्ये चित्रकार एम. एफ. हुसेन यांना अनवाणी आले म्हणून आत घेतलं नाही.

चेन्नईत २०१४ मध्ये वेष्टी (तिकडचं धोतर) नेसून आलेल्या हायकोर्टाच्या न्यायमूर्तींना क्रिकेट संघटनेच्या क्लबाने दारातून परत पाठवलं, तर पुढच्याच महिन्यात तमिळनाडू विधानसभेने अशी अडवणूक बंद करणारा कायदा केला. आपल्याकडे कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हारतुरे झाले. क्लबाच्या दारात ती चालते का, हे कुणा आमदाराने विचारल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

आणि हो, पुरवणीत अशा लेखांना पानभर जागा असते, मग शब्दकोडं इतकं बारीक का छापता? भिंग घेऊन बसावं लागतं.

आपली,
एक जुनी वर्गणीदार, कोल्हापूर