दुहेरी काच घेताना विचारायचे दोन आकडे

संपादक महोदय,

‘जाड काच बसवा, उष्णता थांबेल’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि त्यापायी पैसे वाया जातात. ४ मिमीऐवजी ८ मिमी काच घेतली तर मजबुती वाढते, आवाज थोडा कमी होतो. उष्णता मात्र जवळपास तेवढीच आरपार जाते. एकेरी काचेची यू-व्हॅल्यू, म्हणजे एक अंश फरकाला दर चौरस मीटरमधून जाणारे वॅट, ५.७च्या आसपासच राहते. दोन काचांत १२ मिमी पोकळी ठेवली की ती २.८पर्यंत येते. लो-ई लेप (उष्णता परतवणारा अतिपातळ थर) आणि पोकळीत आर्गॉन वायू असेल तर १.१ ते १.३. पोकळी १६ मिमीच्या पुढे वाढवून उपयोग नाही, आतली हवाच फिरू लागते.

पण फक्त यू-व्हॅल्यू विचारून भागत नाही. उन्हातली किती उष्णता आत येते ते एसएचजीसी (सोलर हीट गेन कोएफिशंट) हा दुसरा आकडा सांगतो; ०.७ म्हणजे सत्तर टक्के. साध्या दुहेरी काचेचा हा आकडा ०.७च्या घरात असतो. उष्ण प्रदेशात पश्चिमेच्या खिडकीला अशी काच लावली, तर दुपारचे ऊन आत येतच राहते आणि एसी थांबत नाही. तिथे ०.३ किंवा कमी हवा. थंड प्रदेशात सूर्याकडच्या खिडकीला मात्र ०.५च्या वरच बरा, ते ऊन फुकटचे हीटिंग असते.

लेप कोणत्या बाजूला आहे तेही पाहावे. दोन काचांचे चार पृष्ठभाग होतात; बाहेरून मोजत गेल्यास लेप उष्ण प्रदेशात दुसऱ्यावर हवा, थंड प्रदेशात तिसऱ्यावर. काच उलटी बसली तर उन्हाचे गणित बिघडते. बीडिंग (काच धरणारी पट्टी) ठोकण्यापूर्वी काचेसमोर लायटर पेटवा; ज्योतीची चार प्रतिबिंबे दिसतात, त्यांतले वेगळ्या रंगाचे ते लेपाचे.

गडद काच ऊन शोषून स्वतः तापते आणि ती उष्णता आत फेकते. साध्या काचेवर आतून उष्णतारोधक फिल्म चिकटवताना जपावे: मधला भाग तापतो, चौकटीतली कड थंड राहते आणि तडा कडेपासून जातो.

थर्मल ब्रेक (चौकटीच्या आतल्या-बाहेरच्या धातूमधली उष्णता अडवणारी पट्टी) नसलेली ॲल्युमिनियमची चौकट चांगल्या काचेवर पाणी फिरवते. दोन काचांच्या मध्ये धुके धरले तर सील गेले असे समजा. ते पुसता येत नाही, दोन काचांचे सीलबंद युनिटच बदलावे लागते. बहुतेकदा कारण खालीच असते. चौकटीतून पाणी जायची भोके बुजलेली असतात आणि कड सतत ओली राहते. म्हणून युनिट थेट चौकटीवर टेकवू नये. दोन्ही टोकांपासून रुंदीच्या पाव अंतरावर, दोन्ही काचा पेलतील एवढे रुंद ठोकळे द्यावेत आणि भोके मोकळी आहेत ना ते पाणी ओतून पाहावे.

– एक वाचक