प्रसिद्धिपत्रकाला प्रसिद्धिपत्रकच म्हणा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी नाशिकमध्ये जनसंपर्काच्या व्यवसायात आहे. रुग्णालये, बांधकाम व्यावसायिक, शिक्षणसंस्था यांची प्रसिद्धिपत्रके तयार करून माध्यमांकडे पाठवणे हे माझे रोजचे काम. त्या अनुभवावरून एक आग्रहाची मागणी करतो. आमच्याकडून आलेला मजकूर संकेतस्थळावर टाकताना तो कुणाकडून आला, हे शीर्षकाखालीच स्पष्ट लिहा.

पूर्वी प्रेसनोट घेऊन वृत्तपत्राच्या कार्यालयात जावे लागे. उपसंपादक ती समोरच वाचत, दोन-चार प्रश्न विचारत. विशेषणे उडत, पानभर मजकुराच्या चार ओळी होत आणि त्यात ‘असे संस्थेने पत्रकात म्हटले आहे’ एवढे तरी उरे. क्लायंट नाराज होत; पण त्या चार ओळींना वजन असे, कारण त्या कुणाच्या तरी नजरेखालून गेलेल्या असत. आता प्रेसनोट व्हॉट्सअ‍ॅपवर जाते आणि कित्येकदा काही मिनिटांत लिंक येते. शीर्षक आमचे, फोटो आमचा, ‘अत्याधुनिक’ आणि ‘राज्यातील पहिलेच’ हे शब्दही आमचेच. वर नाव मात्र ‘वेब टीम’चे. डेस्कवरच्या मुलामुलींना मी दोष देणार नाही. एका पाळीत बातम्या लावायच्या, व्हिडिओ कापायचे, नोटिफिकेशन पाठवायची. फोन करून खातरजमा करायला त्यांना कुणी वेळच दिलेला नाही. पण ‘राज्यातील पहिलीच शस्त्रक्रिया’ हे वाचून एखादे कुटुंब कर्ज काढून त्या रुग्णालयात जाते, तेव्हा हा दावा रुग्णालयाचाच आहे, हे त्याला कळायला नको का?

पैशाचा भाग याहून गंभीर आहे. काही पोर्टले बातमी लावण्याचा दर सरळ सांगतात. सांगणारा कधी मार्केटिंगचा असतो, कधी स्वतः वार्ताहर. तालुक्याच्या ठिकाणी तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या वार्ताहरालाच पुरवणीच्या जाहिराती गोळा करायला लावले, की तो आमच्याकडे प्रश्न घेऊन कसा येणार?

महाराष्ट्राने हे सारे छापील माध्यमात आधीच पाहिले आहे. २००९च्या विधानसभा निवडणुकीत वेगवेगळ्या दैनिकांत शब्दशः सारखा मजकूर बातमी म्हणून आल्याचे पत्रकार पी. साईनाथ यांनी उघड केले. भारतीय वृत्तपत्र परिषदेनेही पेड न्यूजवर, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर, उपसमिती नेमली. तिचा सविस्तर अहवाल २०१०मध्ये तयार झाला, पण सर्वांसमोर आला तो २०११मध्ये, केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर.

भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१मध्ये समाजमाध्यमांवरील इन्फ्लुएन्सरसाठी नियम केले. मोबदला घेतला असेल तर ‘जाहिरात’ हे चटकन दिसेल असे आणि लोकांना समजेल अशा भाषेत लिहा, हॅशटॅगच्या गर्दीत लपवू नका, असे त्यात स्पष्ट आहे. साबणाचा व्हिडिओ करणाऱ्या मुलीने जे पाळायचे, त्याहून कमी अपेक्षा बातम्यांच्या संकेतस्थळाकडून ठेवता येणार नाही. पीटीआयसारखी वृत्तसंस्था पैसे देऊन दिलेल्या प्रसिद्धिपत्रकांवर संपादकीय जबाबदारी घेत नसल्याचे नमूद करते. तशी ओळ मराठीत आणि मजकुराच्या वरच हवी. तळापर्यंत फार थोडे वाचक पोचतात.

माझ्या व्यवसायबंधूंना ही मागणी आवडणार नाही. त्यांना आठवण करून देतो, की १९०६मध्ये अमेरिकेत आयव्ही ली या पूर्वाश्रमीच्या पत्रकाराने कोळसा खाणमालकांसाठी जनसंपर्काचे काम करताना संपादकांना एक निवेदन पाठवले होते. आमचे काम उघड आहे, आम्ही दिलेला मजकूर जाहिरात विभागाकडे जायला हवा असे वाटले तर तो वापरू नका, आणि माहिती पडताळायची असेल तर आम्ही मदत करू, असा त्याचा आशय होता. जनसंपर्काचा व्यवसाय या भूमिकेवर उभा राहिला आहे. पत्रकाराने उलट प्रश्न विचारावा आणि आम्ही कागद दाखवावेत, यात कुणाचाच अपमान नाही.

आपल्या संकेतस्थळापासून सुरुवात व्हावी, ही विनंती. प्रसिद्धिपत्रक, पैसे घेऊन लावलेला मजकूर आणि स्वतःच्या वार्ताहराची बातमी यांना वेगवेगळी ठळक ओळख द्या. आणि प्रसिद्धिपत्रकातला दावा खोटा निघाला तर लिंक गुपचूप काढून टाकू नका. त्याच पानावर, त्याच शीर्षकाखाली दुरुस्ती द्या आणि दावा कोणत्या संस्थेने केला होता तेही लिहा.

आपला,
एक वाचक, नाशिक